मिठाची पोरं

त्या शनिवारी एत्तिराजनना काळजी होती ती विजेची. चेन्नईच्या कोळत्तूरमध्ये दुपारपासून दिवे येत-जात होते, आणि दिवे गेले की मागच्या खोलीतल्या माशांच्या टाक्यांमधली हवा बंद पडायची. ज्या घरात बुडबुड्यांचा आवाज बारा महिने तेरा काळ चालू असतो तिथं तो थांबला की माणूस भर झोपेतूनही उठून बसतो. एत्तिराजन लुंगी वर खोचून आत-बाहेर करत होते आणि बॅटरीवर चालणाऱ्या पंपाला त्याच्या कुळासकट शिव्या घालत होते.

त्यांची मुलगी अंजुगम दाराच्या उंबऱ्यावर बसून मुलींच्या उत्तरपत्रिका तपासत होती. ती तिरुच्चीच्या एका कॉलेजात तमिळ शिकवायची आणि सुट्टी जोडून आली की इथंच बसायची. पाठ पुढच्या खोलीकडे, तोंड टाक्यांकडे.

"अप्पा, मी धरते ना पंप. तुम्ही वायर जोडा."

"तू पेपर तपास, कण्णू. ओली होशील उगाच."

हे 'ओली होशील' ती दुसरी-तिसरीत असल्यापासून ऐकत आली होती. त्याआधी तसं नव्हतं. त्याआधी अप्पा पहाटे कालव्यातून माशांसाठी लाल किड्यांचे गोळे घेऊन यायचे आणि ती नळाखाली बसून ते त्यांच्याबरोबर धुवायची. मग एके दिवशी शाळेतल्या बाईंनी तिला मागच्या बाकावर बसवलं. तुझ्या अंगाला गटाराचा वास येतो, म्हणाल्या. तिनं घरी येऊन ते हसत हसत, बाईंची नक्कल करून सांगितलं होतं. अम्मा हसली. अप्पा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ती किड्यांच्या भांड्याशी जाऊन बसली तर त्यांनी तिला काखेत उचललं, उंबऱ्यावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "इथपर्यंत तुझं राज्य. ह्याच्या आत माझं." हातात गोष्टींचं पुस्तक दिलं.

पुस्तकांनी तिचं वाईट केलं नाही. पुष्कळ वाचलं, त्यावर पोटही भरलं. पण मान वर केली की नजर आत जायची. अम्मा गेल्यावर, तिची स्वतःची चाळिशी उलटल्यावरही ती उंबरा ओलांडत नसे, कारण तो अप्पांनी आखला होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता. गल्लीत कुणी विचारलं तर सांगायचे, "माझ्या पोरीचे हात बघा. एक चरा नाही." तिला ते हात लपवावेसे वाटत. वासाचा तिला कधीच त्रास झाला नव्हता. तो वास तिला आवडायचा. तिलाही आत जायचं होतं, हे ती बोलली मात्र कधीच नाही. ज्या गोष्टीपासून बापानं जिवाचा आटापिटा करून आपल्याला वाचवलं तीच मला हवी होती, हे बापाच्या तोंडावर कसं म्हणायचं?

संध्याकाळी दिवे स्थिरावले. एत्तिराजननी तिला हाक मारली, ती उंबऱ्यापर्यंतच.

"तिथून दिसतं का बघ. कोपऱ्यातली टाकी."

कोपऱ्यात एंजल माशांची एक जोडी होती. पांढुरकी, पंखांवर निळसर झाक असलेली. ही झाक एत्तिराजननी जोड्या लावून लावून, अनेक पिढ्या निवडून आणली होती. पण जोडी नतद्रष्ट. अंडी घालायची आणि सकाळपर्यंत स्वतःच गिळून टाकायची. यावेळी गिळली नव्हती. रुंद पानाच्या पाठीवर इवली इवली पिल्लं शेपटीनं लटकून थरथरत होती आणि आईबाप दोन्ही बाजूंनी पहारा देत होते.

"सुटतील आता एक-दोन दिवसांत," एत्तिराजन म्हणाले. कुणी झोपलेलं असावं तसा त्यांचा आवाज खाली आला होता. "एकदा पान सोडून पोहायला लागली की भूक लागते. आणि यांचे नखरे असे, की समोर हलेल तेच खाणार. मेलेलं तोंडात धरणार नाहीत."

मग ते बाटल्या लावायला बसले. थंड पेयाच्या मोठ्या बाटल्या, बूड कापलेल्या, तोंड खाली करून खिडकीच्या गजांना टांगलेल्या. त्यांत पाणी ओतलं, पोत्यातलं खडेमीठ मुठीनं टाकलं, ढवळलं, बोट बुडवून चाखलं, बाजूला थुंकले, आणखी चिमूटभर टाकलं. फ्रीजमधून डबा काढून चमचाभर तपकिरी भुकटी वर सोडली आणि हवेची नळी तळाशी, बाटलीच्या गळ्यापर्यंत नेली. भुकटी खाली-वर नाचायला लागली. ती भुकटी म्हणजे आर्टेमियाची अंडी. खाऱ्या पाण्यात एक दिवस घुसळली की त्यातून ठिपक्याएवढे केशरी जीव बाहेर येतात. बाजारात सगळे आर्टेमियाच म्हणत. एत्तिराजन म्हणत, मिठाची पोरं.

"मिठाची पोरं!" पुढच्या दारातून कुप्पम्माळ अत्तै आत आली. अप्पांची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची आणि दिवसातून एकदा तरी भावाचा उद्धार करून जायची. हातात इडलीच्या पिठाचं भांडं होतं. "स्वतःच्या पोरीला घास भरवायला वेळ नाही, आणि मिठाच्या पोरांचं बाळंतपण चाललंय. अंजुगम, तुला सांगते, एकदा या डब्यातलं काढून मी कॉफी करणार होते."

"केली असतीस तर बरं झालं असतं," एत्तिराजन मान वर न करता म्हणाले. "पोटात गेल्यावर तरी तुझं तोंड बंद झालं असतं."

"माझं तोंड बंद झालं तर या घरात बोलणारं कोण आहे? एक पाण्याशी बोलतो, एक पुस्तकाशी."

अत्तै पीठ ठेवून गेली. अंजुगम वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. गच्चीवर एक पसरट टब होता. हिरवट पाण्याचा, वर जुनी जाळी. तो धंद्यातला नव्हता. उबवलेली पोरं त्याच दिवशी माशांना घालायची हा धंद्याचा नियम, पण एत्तिराजन दर वेळी मूठभर मागे ठेवत आणि त्यांना या टबात वाढवत. तांदळाचा कोंडा पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून, ते पाणी थोडं थोडं देत. तिनं जाळी उचलली. नखाच्या पांढऱ्या भागाएवढे झालेले ते पारदर्शक जीव उताणे होऊन पोहत होते. पाठ खाली, पोट वर, आणि पोटावरचे असंख्य पाय एका लयीत वल्ह्यांसारखे चाललेले.

"बघितलेस?" मागून अप्पा आले होते. जिन्यानं त्यांना दम लागला होता. "सगळे जन्मल्या दिवशीच संपतात बिचारे. मोठे झाल्यावर कसे दिसतात हे कुणी बघतच नाही. म्हणून ठेवतो थोडे. दुसरं काही नाही."

ऊन उतरलं होतं. टबाच्या कडेला दोघं उकिडवी बसली होती, आणि इथं उंबरा नव्हता. ती म्हणाली, "अप्पा—"

तेवढ्यात खालचा बुडबुड्यांचा आवाज थांबला. पुन्हा दिवे गेले होते. "मेला पंप!" म्हणत एत्तिराजन गुडघ्यावर हात टेकून उठले आणि घाईघाईनं जिना उतरले. तिच्या हातात जाळी तशीच राहिली.

रविवारी सकाळी ते उठले नाहीत. डॉक्टर आले, त्यांनी हात धरला, सोडला, आणि झोपेतच झालं, त्रास झाला नाही, असं सांगितलं. ते वाक्य दिवसभर जो तो तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिला, जणू तिनंच ते विचारलं होतं.

तिन्हीसांजेच्या आत सगळं उरकायचं म्हणून पुरुषांची धावपळ सुरू झाली. मुलगा नाही, म्हणून अत्तैच्या मुलानं मडकं खांद्यावर घेतलं. बाया गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या आणि परतल्या. मग घर धुणं सुरू झालं. अंजुगमला भिंतीशी बसवून ठेवलं होतं. तिच्यासमोरून बादल्या जात होत्या, येत होत्या. हंडे, कळशा, न्हाणीघरातलं पिंप, सगळं साठलेलं पाणी मोरीत ओतलं जात होतं. मेलेल्याच्या घरात पाणी साठवून ठेवत नाहीत. पाण्याचा लोट उंबऱ्यावरून तिच्या पायापर्यंत आला तेव्हा तिनं पाय वर घेतले. डोक्यात काहीच चाललं नव्हतं. एवढंच जाणवत राहिलं की आज घरात आवाज फार आहे आणि तरी काहीतरी कमी आहे.

सोमवारी उजाडताच ती मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. कोपऱ्यातल्या टाकीत पान रिकामं होतं. पिल्लं सुटली होती. सगळी मिळून धुरळ्याच्या लोटासारखी आईबापांच्या अंगाभोवती फिरत होती. मादी वळली की लोट वळायचा.

तिनं खिडकीकडे बघितलं. गजांना काही टांगलेलं नव्हतं. बाटल्या परसात, भिंतीवर, स्वच्छ घासून पालथ्या ठेवल्या होत्या. ती गच्चीवर गेली. टब भिंतीला उभा लावला होता, आतून कोरडा ठणठणीत. खालच्या फरशीवर मिठाची पांढरी रेघ मोरीपर्यंत गेली होती.

खाली आली तेव्हा अत्तै शेजारणीनं आणून दिलेल्या इडल्या ताटात काढत होती. रात्री ती इथंच झोपली होती.

"अत्तै, खिडकीतल्या बाटल्या कुणी ओतल्या?"

"मी. का गं?"

"आणि वरचा टब?"

"तोही. सगळं साठवणीचं पाणी ओतलं. हे काय विचारणं झालं?" अत्तैचा आवाज चढला. "टाक्यांना मी कुणाला हात लावू दिला नाही हो. ती पलीकडची बादली घेऊन निघालीच होती. मी म्हटलं, खबरदार, त्यात जीव आहेत, माझ्या भावाचे जीव. पण बाटल्यांत कुठं मासे होते? गढूळ पाणी होतं नुसतं."

अंजुगमनं खिडकीच्या रिकाम्या गजांकडे बघितलं.

अत्तैच्या हातातली इडली हातातच राहिली. तिनं खिडकीकडे बघितलं, मग अंजुगमकडे. "मिठाची पोरं," ती म्हणाली. मग खाली बसली. "अय्यो. त्यातच होती होय गं ती? मला वाटलं… अगं, डोळ्यांना दिसलं काहीच नाही मला. वरच्या टबात काहीतरी हललं, मी म्हटलं डासांच्या अळ्याबिळ्या असतील. अंजुगम, मी दोन बादल्या पाणी मारून घासला गं तो टब."

रागावणं सोपं होतं, आणि रागावायला समोर ही म्हातारी होती, जिनं काल दिवसभर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं कारण कुणीतरी सगळं बघायला हवं होतं. "इडल्या गार होतायत," अंजुगम म्हणाली.

तिनं जोतिलिंगम मामांना फोन लावला. मामा नात्यातले नव्हते. अप्पांबरोबर याच गल्लीत त्यांनी मासे पैदास करायला सुरुवात केली होती. पुढं जागा अपुरी पडली तेव्हा टाक्या घेऊन रेडहिल्सच्या पलीकडे गेले. काल स्मशानात तेच शेवटपर्यंत थांबले होते.

"सुटली का पिल्लं?" मामांनी विचारलं, मग बाटल्यांचं ऐकून घेतलं. "आज माझ्याकडे उबवलेलं काही नाही, पोरी. आता बाटली लावली तरी उद्याच निघणार. आणि घेऊन येईपर्यंत… तू जिवाला लावून घेऊ नको. उद्या सकाळी मी गाडी घेऊन येतोच. जोडी नेतो, बाकीच्या टाक्याही हळूहळू हलवतो. ही पिल्लं गेली तर गेली. जोडी पुन्हा अंडी घालेल."

"पुन्हा गिळेल."

"तेही खरं," मामा म्हणाले.

फोन ठेवल्यावर ती उंबऱ्याशी गेली. लोट अजून फिरत होता, पण नीट बघितल्यावर कळलं की त्यातलं एखादं पिल्लू समोर काहीतरी आहे असं समजून झेप घ्यायचं आणि काही नसल्यानं पुन्हा रांगेत यायचं.

ती आत गेली. फरशी ओली होती, काल धुतलेली अजून सुकली नव्हती. फ्रीज उघडून डबा काढला. परसातल्या दोन बाटल्या आणल्या.

"काय करतेस?" अत्तै दारात. "सुतकात धंद्याला हात लावायचा नसतो. उत्तरकार्य होईपर्यंत नाही. लोक काय म्हणतील, बापाची राख गरम आहे आणि पोरीनं दुकान उघडलं?"

"हा धंदा नाही, अत्तै. जेवण आहे." तिनं बाटली गजाला बांधली; गाठ सुटली, पुन्हा बांधली. "आपली चूल बंद आहे म्हणून शेजारचे आपल्याला आणून देतात ना? यांना कोण आणून देणार?"

अत्तै साडी वर खोचून आत आली. "पाणी कुठलं घ्यायचं ते सांग. नळाचं का पिंपातलं? पिंपात नाहीच म्हणा. मीच ओतलंय."

हे सगळं अंजुगमनं शेकडो वेळा बघितलं होतं. मीठ कधी, नळी कुठं, दिवा कोणत्या बाजूला. पण डोळ्यांनी शिकलेलं हाताला माहीत नसतं. नळी तळाशी जाईना, वाकायची. पाणी बाटलीच्या टोपणातून ठिबकायला लागलं. अप्पा मुठीनं मीठ टाकायचे, पण त्यांची मूठ केवढी आणि हिची केवढी. तिनं टाकलं, ढवळलं, बोट बुडवून चाखलं.

"कसं लागतंय?" अत्तैनं विचारलं.

"खारट."

"खारट! एवढं शिकून एवढंच? सरक." अत्तैनं ओंजळीत घेऊन घोट तोंडात फिरवला आणि मोरीत थुंकली. केळंबाक्कमच्या मिठागरात तिचं आणि अप्पांचं लहानपण गेलं होतं. दोघांचे आईबाप तिथं मीठ ओढायचे. "हे तर सांबार झालं. समुद्र म्हणजे जिभेच्या कडेला टोचला पाहिजे. टाक अजून."

"अप्पांचं इतकं नसायचं."

"तुला काय ठाऊक, तू चाखलंयस?"

"नाही," अंजुगम म्हणाली. "मी तोंड बघायचे त्यांचं. चाखल्यावर ते उजवा डोळा मिटायचे."

अत्तै तिच्याकडे बघत राहिली. मग पुन्हा एक घोट घेतला. यावेळी तिचाही उजवा डोळा आपोआप मिटला. "झालं," ती म्हणाली, आणि बाहेर जाऊन पदरानं बराच वेळ तोंड पुसत बसली.

भुकटी पाण्यावर सोडली. हवा सुरू केली. तपकिरी कण वर उसळले, खाली गेले. दुपारभर माणसं येत राहिली. पुढच्या खोलीत ती त्यांच्या शेजारी बसायची. मधूनच उठायची, आत जाऊन बाटलीला हात लावून बघायची, कोमट आहे ना. पाहुण्यांना वाटलं, तोंड धुवायला जाते.

माणसं पांगली, ऊन भिंतीवरून उतरायला लागलं, आणि दिवे गेले. सगळ्या टाक्या एकदम गप्प झाल्या. मोठ्या माशांचं काही बिघडत नव्हतं, पण बाटलीतले कण बघता बघता तळाशी बसायला लागले. बसून राहिले तर आतल्या आत गुदमरणार. तिनं बॅटरीचा पंप ओढून काढला. त्यानं एकदा घरघर केली आणि मान टाकली.

"मेला पंप," ती म्हणाली. आवाज अप्पांसारखा निघाला आणि तिची तीच दचकली.

मग तिनं नळी पंपातून उपसली, टोक तोंडात धरलं आणि फुंकली. बाटलीत बुडबुडे उठले. कण हलले.

"वेडी का काय?" अत्तै म्हणाली. पण दुसऱ्या बाटलीशी तीही बसली. दोघी खिडकीशी पाट टाकून, गाल फुगवून फुंकत राहिल्या. थोड्या वेळानं अत्तैनं नळी काढली. "तुझ्या बापानं हयातीत मला कधी फुंकर घालायला लावली नाही. गेल्यावर लावतोय. चक्कर आली बघ मला."

"सोडा तुम्ही. मी दोन्ही फुंकते."

"दोन्ही कशी फुंकशील, तोंडं किती तुला? सर." अत्तैनं पुन्हा नळी तोंडात घेतली. मध्येच थांबून म्हणाली, "कुणी आता भेटायला आलं तर काय सांगायचं गं?"

अंजुगम हसली. रविवारनंतर पहिल्यांदाच. हसताना तोंडातल्या नळीतून पाण्यात जोरात हवा गेली आणि पाणी उसळून तिच्या साडीवर सांडलं. ती ओली झाली. अंधार पडायच्या आत दिवे आले.

मंगळवारी सकाळी तिनं हवा बंद केली आणि बाटलीच्या गळ्याशी टेबलावरचा दिवा धरला. काही वेळ नुसतं गढूळ. मग रिकामी टरफलं वर तरंगायला लागली, तपकिरी साय धरली. मधलं पाणी निवळत गेलं. आणि खाली, दिव्याच्या बाजूला, काहीतरी गोळा व्हायला लागलं. आधी वाटलं मीठच बसतंय. पण तिनं दिवा हलवला तसं तेही सरकलं. केशराची काडी दुधात सोडावी तसा रंग. हलणारा.

"आहेत का?" अत्तैनं चष्मा पुसला, लावला, पुन्हा पुसला. "हो की गं. काय तो रंग. हेच ओतलं होय मी?"

"हो."

"बोल की मग काहीतरी. शिवी तरी दे."

"राहू द्या, अत्तै. फडकं धरा."

तिनं नळीनं तळचं केशरी पाणी ओढून फडक्यावर घेतलं, वर गोड्या पाण्याची धार धरली आणि फडकं टाकीत उलटं करून हलवलं. केशरी ढग पाण्यात उतरला. पिल्लांतली काही रात्रीतूनच तळाला पडली होती, पांढरी, न हलणारी. उरलेल्यांचा लोट ढगात शिरला. क्षणभर काहीच झालं नाही. मग एका पिल्लानं शरीर आकड्यासारखं वाकवलं आणि सपकन झेप घेतली. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी. टाकीत कसलाही आवाज नव्हता. नर-मादी बाजूला सरून बघत होते. थोड्या वेळानं काचेसारख्या त्या अंगांतून पोटं दिसायला लागली. प्रत्येक पोट एक केशरी ठिपका.

अंजुगम गुडघ्यांवर बसली होती. खालची फरशी अजून ओलीच होती.

जोतिलिंगम मामा आले तेव्हा ती तिथंच होती. दाराशी गाडीत रिकामी पिंपं, प्राणवायूची टाकी आणि प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. मामांनी चपला काढल्या, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभे राहिले आणि मग आत आले. उंबऱ्यावर येऊन थबकले. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते, नखांत तपकिरी टरफलं अडकली होती.

ते टाकीपाशी वाकले. खूप वेळ बघत राहिले. "खाल्लं यांनी," ते म्हणाले. "पोटं भरली आहेत की. कुणी केलं हे?"

"हिनं," अत्तै म्हणाली. "आणि मी फुंकलं."

"फुंकलं?"

"ते मग सांगते. आधी कॉफी घ्या, शेजारून आली आहे."

मामांनी मान हलवली. लुंगीच्या सोग्यानं डोळे टिपले आणि अंजुगमकडे वळले. "चांगलं केलंस. आता उठ. हात धू. तुझ्या बापानं माझ्याकडून शब्द घेतला होता. म्हणाला, जोती, माझ्यामागे टाक्या तू घेऊन जा. एकही मागे ठेवू नको. माझ्या पोरीच्या हाताला हा वास लागू द्यायचा नाही, एवढं एकच सांभाळलंय मी आयुष्यभर. आणखी काही मागितलं नाही त्यानं. मी हो म्हटलं." त्यांनी बाहेर बघितलं, गाडीवाल्याला पिशव्या आणायची खूण करायला हात उचलला. "म्हाताऱ्याला दिलेला शब्द आहे, पोरी. मला तो मोडवत नाही."

पिल्लं खात होती.

अंजुगम उठली नाही. ओले हात तिनं पुसलेही नाहीत. तिनं फोटोकडे बघितलं नाही. त्या खोलीत फोटो नव्हताच, टाक्या होत्या.

"मामा, पिशव्या आणू नका," ती म्हणाली. मग तिनं नीट, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं तशा आवाजात सांगितलं, "मलाही हेच करायचं होतं. लहान होते तेव्हापासून. मला हा वास आवडायचा. अप्पांनी कधी विचारलं नाही, आणि मी कधी बोलले नाही."